चेहऱ्यावरचे पट्टे आणि नोंदवहीतला वंश

ग्रामीण महाराष्ट्रात बोकड विकला जातो तेव्हा त्याची किंमत तीनपैकी कोणत्या तरी एका हिशोबाने ठरते. पहिला हिशोब मांसाचा असतो आणि त्यात अंगावर किती किलो वजन आहे एवढेच पाहिले जाते. दुसरा पैदाशीचा असतो, म्हणजे या बोकडापासून पुढे कशी करडे निपजतील याचा अंदाज त्यात बांधलेला असतो. तिसरा देखणेपणाचा असतो, ज्यात उंची, रंग, कानांची ठेवण, शिंगांचे वळण आणि चालण्यातला डौल यांना मोल येते. एकाच जनावराला या तीन हिशोबांत तीन निरनिराळ्या किमती येतात आणि त्यांतले अंतर कधीकधी कितीतरी पटींचे असते. प्रदर्शनात मांडण्याच्या प्रतीची शेळी, मेंढी किंवा कोंबडी तयार करून विकण्याचा व्यवसाय दुसऱ्या आणि तिसऱ्या हिशोबांच्या सांध्यावर उभा आहे. देखणे जनावर पैदाशीलाही उत्तमच असणार, असे ग्राहक गृहीत धरतो आणि त्या गृहीतकाचे पैसे मोजतो. हे गृहीतक कोठवर खरे असते आणि कोठे फसवे ठरते, हा या व्यवसायातला मूळ प्रश्न आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘कोकण कन्याळ’ या शेळीच्या उदाहरणाने तो चांगला उलगडतो.

जिल्हा आणि त्याची शेळी

खारेपाटण हे सिंधुदुर्गाच्या उत्तर सीमेवरचे, कणकवली तालुक्यातले गाव आहे. मुंबई–गोवा महामार्गाने राजापूर तालुका ओलांडला की येथूनच सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. विजयदुर्गाची खाडी आतवर येथपर्यंत येत असल्याने हे एकेकाळी बंदर होते आणि घाटावरून उतरणारा माल येथे समुद्राच्या वाटेला लागत असे. इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे ते येथे सापडलेल्या, शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधील ताम्रपटांमुळे. त्या पटांवर दानाच्या तपशिलाबरोबर शिलाहारांची वंशावळ कोरलेली आहे, आणि दक्षिण कोकणच्या या राजघराण्याचा क्रम लावताना त्या लेखी वंशावळीचा मोठा आधार मिळाला. लिहून ठेवलेल्या वंशाचे हेच मोल येथल्या शेळीच्या बाबतीतही पुढे दिसेल.

या भागाचे हवामान शेळीला सोयीचे नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवेत दमटपणा कायम असतो आणि जमीन जांभ्याची असल्याने पावसाळा सरताच सड्यावरचे गवत वाळून जाते. शेळी हा मुळात कोरड्या हवेचा प्राणी असून ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात, ओल्या चाऱ्यातून जंत पोटात जातात आणि कुबट गोठ्यात फुप्फुसाचे विकार बळावतात. असे असूनही कोकणच्या डोंगरउतारांवर झाडपाला ओरबाडून जगणारी एक शेळी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातील निळेली येथील आपल्या पशुपैदास केंद्रात तिचे जतन, अभ्यास आणि पैदास केली, आणि पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कन्याळ’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली. १९८४ साली स्थापन झालेली ही केंद्रीय संस्था देशातील पाळीव जनावरांच्या जातींची अधिकृत यादी ठेवते. उस्मानाबादी, संगमनेरी आणि बेरारी या महाराष्ट्रातील इतर नोंदणीकृत शेळ्यांच्या पंक्तीत त्यामुळे कोकणची शेळीही बसली.

एखाद्या जनावरांच्या गटाला जात म्हणायचे तर त्या गटाची काही लक्षणे ठरावीक असावी लागतात आणि ती पुढच्या पिढीत तशीच उतरावी लागतात. अशा लक्षणांच्या लेखी वर्णनाला जातिमानक म्हणता येईल, आणि प्रदर्शनातला परीक्षक समोरचे जनावर या मानकाशी ताडून पाहतो. कोकण कन्याळचा मुख्य रंग काळा असून त्यावर पांढऱ्या खुणा ठरावीक जागीच असतात. नाकपुड्यांपासून दोन्ही कानांपर्यंत चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा जातो, कान लांब, चपटे व लोंबते असून काळ्या कानांना पांढरी किनार असते, तर खालचा जबडा, गळ्याचा भाग आणि पोटाखालची बाजू पांढरी असते. कपाळ सपाट व काळे, शिंगे टोकदार आणि मागे झुकलेली, पाय लांब. ही शेळी प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते. चेहऱ्यावर असे पट्टे असणारी ती जगातली एकटीच शेळी नाही. स्वित्झर्लंडच्या टॉगेनबर्ग शेळीच्या आणि काळ्या ब्रिटिश अल्पाइन शेळीच्या चेहऱ्यावरही तसेच पट्टे असतात आणि प्रदर्शनांत त्यांच्या स्पष्टपणाला गुण दिले जातात.

दिसणारे गुण आणि न दिसणारे गुण

रंग आणि खुणा यांवर नियंत्रण ठेवणारी जनुके, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे घटक, संख्येने मोजकी असतात. त्यामुळे मनाजोगत्या खुणांचे नर-मादी निवडून त्यांचा संकर करत राहिले, तर थोड्याच पिढ्यांत कळपातील बहुतेक करडे हव्या त्या रंगाची निपजू लागतात आणि पैदासकाराला आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांनी दिसते. वाढीचा वेग, दूध, जुळी करडे देण्याची क्षमता आणि रोगाला तोंड देण्याची ताकद या गुणांचे तसे नाही. त्यांवर असंख्य जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो आणि त्यात चारा, हवामान, निगा यांचा वाटा मिसळलेला असतो. जनावरा-जनावरांतील फरकांपैकी किती हिस्सा वंशाचा आणि किती परिस्थितीचा, हे मोजणाऱ्या प्रमाणाला पशुपैदासशास्त्रात आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. शेळ्यांच्या वजनाच्या बाबतीत हे प्रमाण मध्यम, तर एका वेतातील करडांच्या संख्येच्या बाबतीत एक-दशांशाच्या आसपास, म्हणजे फारच कमी असते.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. प्रदर्शनात उभा असलेला धिप्पाड बोकड पाहताना त्याच्या अंगावरचे मांस किती अंशी रक्ताचे आणि किती अंशी मालकाने वर्षभर चारलेल्या मक्याचे व पेंडीचे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. चेहऱ्यावरचा पट्टा मात्र पेंड चारून उमटत नाही. म्हणून ज्या गुणांबाबत डोळा विश्वासार्ह आहे ते गुण बहुधा उत्पन्नाशी संबंध नसलेले असतात, आणि ज्या गुणांवर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून असते त्यांच्याबाबत डोळा फारसा उपयोगी पडत नाही. तेथे आई-बापाची, भावंडांची आणि संततीची लेखी नोंदच कामाला येते.

न दिसणाऱ्या गुणाचे मोल किती असू शकते याचे महाराष्ट्रातले लक्षणीय उदाहरण सातारा जिल्ह्यातील फलटणचे आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ या ठेंगण्या मेंढीत असलेले, एका वेतात एकाहून अधिक कोकरे होण्यास कारण ठरणारे ‘फेक-बी’ हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवले आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली. बहुतेक दख्खनी मेंढ्या एका वेळी एकच कोकरू देतात, त्यामुळे जुळ्यांचे प्रमाण वाढणे ही धनगराच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. हे जनुक असलेला मेंढा आणि नसलेला मेंढा शेजारी उभे केले तर अनुभवी मेंढपाळालाही त्यांतला फरक सांगता येणार नाही. तो रक्ताच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी केल्यावरच कळतो.

हौसेचा बाजार

निवडीच्या पैदाशीला व्यवसायाचे रूप देण्याचे श्रेय अठराव्या शतकातील रॉबर्ट बेकवेल या इंग्रज शेतकऱ्याला दिले जाते. लेस्टरशरमधील डिशली येथे तो मेंढ्यांची पैदास करीत असे, आणि आपले उत्तम मेंढे विकण्याऐवजी तो ते हंगामापुरते भाड्याने देई. त्यातून त्याला पैसा मिळेच, शिवाय निरनिराळ्या कळपांत त्या मेंढ्याची कोकरे कशी निपजतात हे पाहून चांगला मेंढा पुन्हा आपल्या कळपात वापरता येई. मेंढ्याचे मोल त्याच्या संततीवरून ठरवण्याची ही पद्धत शास्त्राने पुढे दीडशे वर्षांनी तपशीलवार मांडली. एकोणिसाव्या शतकात मात्र इंग्लंडमध्ये देखणेपणाच्या स्पर्धांनी जोर धरला. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, १८६५ मध्ये प्रदर्शनीय कोंबड्यांच्या जातिमानकांचे पुस्तक निघाले आणि १८७४ साली अमेरिकेनेही आपले मानक प्रसिद्ध केले. त्यानंतर पिसांचा रंग आणि तुऱ्याचा आकार यांच्यासाठी जोपासलेल्या कोंबड्या आणि अंड्यांसाठी जोपासलेल्या कोंबड्या यांचे मार्ग हळूहळू वेगळे झाले, आणि एकाच जातीत प्रदर्शनाचा वंश व उत्पादनाचा वंश असे दोन तट पडले.

महाराष्ट्रात हौसेचा हा बाजार जत्रा आणि सण यांच्याभोवती वाढला. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि पशुप्रदर्शनात बक्षिसे दिली जातात. सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या कार्तिक यात्रेत मेंढ्या-बकऱ्यांची लाखांच्या बोलीत उलाढाल होते. जत तालुक्यातील माडग्याळ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, लांब मानेची, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची मेंढी येथील मानाची मानली जाते. २०२० साली अशाच एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाख रुपयांची मागणी आली असता मालकाने ती नाकारल्याची बातमी देशभर गाजली. इतकी किंमत मांसाच्या हिशोबात बसत नाही आणि पैदाशीच्या हिशोबातही सहसा बसत नाही. त्यात प्रतिष्ठा, कुतूहल आणि त्या मेंढ्याच्या कोकरांना पुढे मिळणाऱ्या नावाचा वाटा असतो.

दुसरा मोठा बाजार बकरी ईदचा. मुंबईत देवनार येथे त्या काळात राज्याबाहेरूनही बकरे येतात. कुर्बानीच्या बकऱ्याचे वय किमान एक वर्ष असावे आणि तो आंधळा, लंगडा वा आजारी नसावा, असा धार्मिक दंडक असल्याने धडधाकट व देखण्या जनावराला येथे हमखास जादा दर मिळतो. अंगावर चंद्रकोरीसारखी खूण असलेल्या बकऱ्याची किंमत तर मालक मनाला येईल ती सांगतो. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत जातीच्या पांढऱ्याशुभ्र, गुलाबी कातडीच्या बकऱ्यांची हौस महाराष्ट्रातही पसरली आहे ती याच बाजारामुळे.

कोकणात हौसेचा आणखी एक जुना विषय म्हणजे कोंबडा. उंच मान, ताठ छाती आणि कमी पिसांचे, पिळदार अंग असलेल्या असील कोंबड्याची कीर्ती जगभरच्या प्रदर्शनांत आहे. त्याची पैदास व विक्री कायदेशीर आहे. मात्र त्याच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि जत्रांच्या आडोशाने चालणाऱ्या झुंजींमुळे या जातीच्या चोख पैदासकाराकडेही अकारण संशयाने पाहिले जाते. झुंजीऐवजी प्रदर्शनाची वाट रूढ झाली तर या जातीचे संवर्धन उजळमाथ्याने करता येईल.

पैदासकाराचे काम

चांगल्या कळपाची सुरुवात बोकडाच्या निवडीपासून होते, कारण एक शेळी वर्षभरात दोन-चार करडे देते, तर वीस ते पंचवीस शेळ्यांमागे ठेवलेला एक बोकड तेवढ्या काळात अख्ख्या पिढीचा बाप होतो. पैदाशीचा बोकड जुळ्यातला असावा, त्याची दोन्ही वृषणे सारख्या आकाराची व पूर्ण उतरलेली असावीत, पाय सरळ आणि खूर घट्ट असावेत, आणि त्याच्या आईने किती वेते दिली व किती करडे जगवली याची माहिती हाती असावी. जातिलक्षणे त्यानंतर तपासावीत. कोकण कन्याळच्या बाबतीत चेहऱ्यावरचे पट्टे आणि कानांची किनार स्पष्ट असणे हे शुद्धतेचे गमक मानता येते, पण पट्टे ठसठशीत असूनही वाढ खुंटलेला बोकड ठेवणे म्हणजे पुढच्या पिढीचे नुकसान पत्करणे होय.

यातला सर्वांत मोठा धोका जवळच्या नात्यातील संकराचा आहे. देखणा बोकड हाती लागला की मालक तो वर्षानुवर्षे सोडत नाही, आणि दोनेक वर्षांत त्याच्याच मुली त्याच्याखाली येऊ लागतात. बाप-लेकीच्या संकरातून जन्मलेल्या करडात आंतरप्रजननाचा गुणांक, म्हणजे जोडीतली दोन्ही जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याची शक्यता, पंचवीस टक्के असते, तर सावत्र भावंडांच्या संकरात ती साडेबारा टक्के असते. रंग व खुणा लवकर पक्क्या करण्यासाठी प्रदर्शनी पैदासकार या पद्धतीचा जाणूनबुजून वापर करतात, पण तिच्याबरोबर करडांची मरतूक, वांझपणा आणि खुरटी वाढ हेही कळपात येते. म्हणून दर दोन वर्षांनी बोकड बदलणे, तो दूरच्या कळपातून आणणे किंवा ओळखीच्या पैदासकारांशी त्याची अदलाबदल करणे हा साधा नियम पाळावा लागतो.

हे सारे नोंदवहीशिवाय होत नाही. प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला, आई-बापाचे क्रमांक, जन्मतारीख, जुळे की एकुलते, जन्माच्या वेळचे आणि पुढे तीन, सहा, नऊ व बारा महिन्यांचे वजन, लसीकरणाच्या तारखा आणि प्रत्येक वेताची माहिती एवढे रकाने पुरे असतात. शेळीचा माज साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा असतो, त्यामुळे बोकड दाखवल्याची तारीख लिहिली असेल तर बाप कोणता याविषयी वाद उरत नाही. शेळ्या मोकाट चरायला सोडल्या आणि रानात कोणाचाही बोकड लागला, तर मात्र सर्वांत सुंदर करडाचीही वंशावळ अर्धी कोरीच राहते. कोकणात पैदाशीचा कळप अर्धबंदिस्त, म्हणजे काही तास राखणीखाली चराई आणि उरलेला वेळ गोठ्यात, असा ठेवण्याचे हे एक कारण आहे.

गोठ्याची रचना पावसाकडे पाहून करावी लागते. जमिनीपासून तीन-चार फूट उंचीवर फळ्यांचा किंवा बांबूचा माळा घालून फटींतून लेंड्या व मूत्र खाली पडू दिले, तर खूर कोरडे राहतात आणि जंतांचा उपद्रव घटतो. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची आणि वेळापत्रकाप्रमाणे पीपीआर या विषाणुजन्य रोगाची लस टोचून घ्यावी लागते. फणस, उंबर, आईन, शेवगा, सुबाभूळ यांचा पाला हा कोकणातील शेळीचा हक्काचा आहार असून त्याला भिजवलेले धान्य, पेंड व खनिज मिश्रणाची जोड दिली की वाढ समाधानकारक होते. विकत आणलेले किंवा प्रदर्शनातून परतलेले जनावर किमान तीन आठवडे कळपापासून वेगळे ठेवणे आवश्यक असते, कारण जेथे गावोगावची जनावरे एकत्र येतात तेथून बक्षिसाबरोबर रोगही घरी येऊ शकतो.

प्रदर्शनाची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. खूर साळून सारखे करणे, अंगावरून रोज ब्रश फिरवणे, दाव्याने शांतपणे चालण्याची आणि चारही पाय सरळ रोवून उभे राहण्याची सवय लावणे, ही त्यातली मुख्य कामे आहेत. परीक्षकाला पाठीची रेषा, छातीची खोली आणि पायांची ठेवण पाहायची असते, आणि बुजलेल्या जनावरात ती दिसत नाही. येथवरची तयारी रास्त आहे. खुणा ठळक करण्यासाठी केस रंगवणे, वजन वाढलेले दिसावे म्हणून मीठ चारून भरपूर पाणी पाजणे, वय लपवण्यासाठी दात घासणे, हे प्रकार मात्र फसवणुकीत मोडतात आणि त्यांतले काही क्रूरही आहेत.

सौदा

जुन्या बाजारपद्धतीत जनावर नगावर विकले जाते आणि दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो कळत नाही आणि कित्येकदा खुद्द विकणाऱ्यालाही बाजाराचा खरा दर उमगत नाही. वजनकाट्यावर किलोच्या दराने विक्री सुरू झाल्यापासून मांसाच्या हिशोबात बरीच सचोटी आली. वयाची खात्री आजही दातांवरून केली जाते. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठ दुधाच्या दातांपैकी मधली जोडी साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास पडून कायमचे दात येतात आणि जनावर ‘दोनदाती’ होते, त्याआधी ते ‘आदत’ असते, पुढे ‘चारदाती’, ‘सहादाती’ आणि शेवटी ‘जुळलेले’. ईदचे गिऱ्हाईक दोनदाती जनावर मागते, पैदाशीचे गिऱ्हाईकही तेच पसंत करते.

म्हणून विक्रीचे नियोजन उलट दिशेने मोजावे लागते. बकरी ईद चांद्र पंचांगानुसार दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. त्या दिवशी दोनदाती बोकड हवा असेल तर शेळी सुमारे वीस महिने आधी गाभण राहायला हवी. कोकणात शिमगा, गावोगावच्या जत्रा आणि आषाढातली गटारी या काळात मांसाची मागणी चढते, श्रावणात उतरते. पैदाशीच्या जनावराला मात्र नवे गोठे सुरू होण्याच्या हंगामात, म्हणजे पावसाळा संपल्यावर, गिऱ्हाईक अधिक मिळते. ज्याचा माल एकाच बाजारावर अवलंबून नाही तो पैदासकार मंदीत आपली उत्तम पाट, म्हणजे तरुण मादी, मांसाच्या भावाने विकण्याची चूक करत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ नंतरच्या सुधारित योजनेत ५०० माद्या व २५ नरांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. पुण्यात मुख्यालय असलेले राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ रांजणी, महुद, दहिवडी अशा आपल्या प्रक्षेत्रांवरून पैदाशीची जनावरे पुरवते. मागणी अशी वाढत असताना एकाएकी शेकडो माद्या हव्या असलेला नवा उद्योजक मिळेल तेथून, मिळेल ती जनावरे उचलतो, आणि सोजत, बीटल किंवा आफ्रिकन बोअर यांची देखणी नरजनावरे स्थानिक कळपांत शिरतात. संकरित करडे वजनाने भरतात, पण कोकणच्या पावसात टिकण्याचा जो गुण येथल्या शेळीत पिढ्यान्‌पिढ्या मुरला तो संकरात पातळ होत जातो, आणि चेहऱ्यावरचे पट्टे तर पहिल्याच दोन-तीन पिढ्यांत विस्कटतात. या एका बाबतीत पट्टे खरोखर कामाचे ठरतात: ते रोगप्रतिकारशक्ती सिद्ध करत नाहीत, पण बाहेरचे रक्त शिरल्याची सूचना मात्र लवकर देतात.

परीक्षकाच्या हाती काटा

दिसणारे आणि न दिसणारे यांचा मेळ घालण्याची युक्ती इतरत्र सापडलेली आहे. १८७९ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश गोट सोसायटीच्या प्रदर्शनांत दुधाळ शेळ्यांची ठेवण पाहिली जाते आणि त्याबरोबरच त्यांच्या दूधस्पर्धाही होतात. प्रदर्शनाच्या जागी चोवीस तासांचे दूध मोजून व तपासून ठरावीक पातळी गाठणाऱ्या शेळीच्या नावापुढे मानाची खूण लावली जाते आणि ती वंशावळीत कायम राहते. त्यामुळे खरेदीदाराला शेळीच्या नावातच तिच्या आजीच्या दुधाचीही साक्ष मिळते, आणि कागदावर सिद्ध झालेल्या गुणाला बाजारात भाव येतो.

सिंधुदुर्गात हे करण्यासाठी लागणारे बहुतेक घटक हाताशी आहेत. जातीचे अधिकृत वर्णन आहे, निळेलीला मूळ कळप आहे, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याने जनावराची ओळख राष्ट्रीय पातळीवर नोंदवण्याची व्यवस्था आहे. उणीव आहे ती पैदासकारांच्या स्वतःच्या संघाची, जो सामाईक वंशावळ-पुस्तक ठेवेल, बोकडांची अदलाबदल घडवून आणेल आणि तालुका प्रदर्शनांत गुणदानाचा नियम बदलेल. परीक्षणात निम्मे गुण ठेवणीला व खुणांना, आणि उरलेले निम्मे आईच्या वेतांच्या, भावंडांच्या जगण्याच्या आणि ठरावीक वयाच्या वजनांच्या नोंदींना दिले, तर नोंदवही नसलेला बोकड कितीही देखणा असला तरी पहिला येऊ शकणार नाही. तसे झाले म्हणजे खारेपाटणच्या किंवा कणकवलीच्या शेतकऱ्याने बक्षीसपात्र बोकडासाठी मोजलेली जादा रक्कम त्याला पुढच्या वेतात करडांच्या संख्येत आणि वजनात परत मिळण्याची खात्री बरीच वाढेल, आणि ती खात्री जितकी वाढेल तितका अशा बोकडाला मिळणारा जादा दरही टिकून राहील.